परसातलं तळं: माशांचं पाणी वेगळं, बेडकांचं वेगळं

परसात तळं करायचं म्हटलं की बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं. कमळाची चार पानं, पानांखाली चमकणारे बोटाएवढे मासे आणि काठावर डरांव डरांव करणारा बेडूक. तळं बांधून होतं, मासे सोडले जातात, पहिल्या पावसात बेडूकही कुठून कुठून येऊन हजर होतात. रात्रभर गातात, अंडी घालतात. आणि श्रावण लागेपर्यंत पाण्यात एकही बेडूकमासा उरलेला नसतो. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. घरच्यांना वाटतं, पाणीच वाईट असणार.

पाण्याला काहीही झालेलं नसतं. माशांनी अंडी खाल्लेली असतात, आणि त्यांच्या तोंडातून सुटून जी अंडी फुटली त्यांतले बेडूकमासेही खाल्लेले असतात. भेकांचे, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांचे (इंग्रजीत टोड), काळेकुट्ट बेडूकमासे चवीला वाईट असतात, त्यामुळे बरेच मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत. बाकीच्यांना असं चिलखत नसतं. माशांना बारमाही पाणी लागतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच बेडकांना आटणारं पाणी लागतं, हे एकदा लक्षात घेतलं की तळ्याचा आराखडा बराचसा आपोआप ठरतो. जागा थोडी असली तरी तळी दोन करायची. एक खोल, दुसरं उथळ.

आटणाऱ्या पाण्याचा फायदा काय, असं वाटेल. फायदा हाच, की त्यात मासे टिकत नाहीत. चतुरांच्या ज्या अळ्या पाण्यात वर्षभर राहून बेडूकमाशांवर ताव मारतात, त्याही तिथे मोठ्या होऊ शकत नाहीत. जूनमध्ये डबकं भरतं तेव्हा त्यात शत्रू जवळजवळ कोणीच नसतो, आणि नुकतं उगवलेलं शेवाळ मात्र भरपूर असतं. बेडकाची सगळी घाई त्या मोकळ्या पाच-सात आठवड्यांसाठी चाललेली असते. पाणी आटायच्या आत शेपूट गळून पाय फुटले पाहिजेत. काही जातींचं हे महिन्याभरात उरकतं, काहींना दोन-अडीच महिने लागतात.

हा प्रकार मोठ्या प्रमाणावर बघायचा तर आंबोलीला जावं. तिथल्या हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात एक चिमुकला मासा राहतो, शिस्टुरा हिरण्यकेशी. त्याची शास्त्रीय नोंद २०२० साली झाली आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पावसाने भरलेल्या वीतभर खळग्यांमध्ये, आंबोली टोड नावाचा छोटा भेक अंडी घालतो. आंबोलीचा परिसर सोडला तर हा भेक दुसरीकडे आढळत नाही. एकाच गावात मासा बारमाही झऱ्याच्या पाण्यावर आहे आणि भेक चार दिवस ऊन पडलं तर कोरड्या पडणाऱ्या खळग्यावर. परसात आपल्याला याचीच छोटी नक्कल करायची आहे. (आंबोलीहून काही उचलून आणायचं नाही, हे वेगळं सांगायला लागू नये.)

आधी मोठं तळं

माशांच्या तळ्यासाठी खोली महत्त्वाची, लांबी-रुंदी नंतर. दीड फूट पाणी मे महिन्यात दुपारी कोमट होतं. अडीच फूट खोल पाण्याचा तळ त्यामानाने थंड राहतो आणि मासे दुपारभर तिथे जाऊन बसतात. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि सरासरी दोन फूट खोल खड्ड्यात साधारण सव्वादोन हजार लिटर पाणी मावतं. छोट्या माशांना एवढं पुष्कळ झालं. ऊन दिवसातून चार-पाच तास मिळावं, त्यातही सकाळचं असलं तर उत्तम. आंब्याखाली किंवा जांभळाखाली तळं करू नये. पाला पडून कुजतो आणि त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

सिमेंटचं तळं टिकाऊ असतं, पण नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की त्यात मासा काही तासही काढत नाही. पाणी भरायचं, आठवडाभर ठेवायचं, काढून टाकायचं, पुन्हा भरायचं, असं तीन-चार वेळा करावं लागतं. मला विचाराल तर शेततळ्याच्या अस्तराचा प्लास्टिक कागद बरा. ५०० मायक्रॉनचा कागद शेतीच्या दुकानात मिळतो. खाली वाळूचा थर द्यायचा आणि कडा दगडांनी दाबायच्या. फक्त एका बाजूला दगडांची उतरण हवीच. भेक किंवा मोठा बेडूक गुळगुळीत उभ्या भिंतीवर चढू शकत नाही. पोहून पोहून दमतो आणि बुडून मरतो. बेडूक पाण्यात बुडून मरतो हे लोकांना खरं वाटत नाही. घरात लहान मूल असेल तर उतरणीबरोबर वर मजबूत जाळीही हवी. दोन फूट पाणी मुलासाठी थोडं नसतं.

आता मुख्य गोष्ट. नव्या तळ्यात पाणी भरून दुसऱ्याच दिवशी मासे सोडले की ते आठ-दहा दिवसांत एकेक करून मरतात आणि दुकानदाराने आजारी मासे दिले असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा कारण अमोनिया हे असतं. मासा कल्ल्यांमधून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. न खाल्लेलं खाणं आणि कुजलेला पाला यांतूनही तोच निघतो. जुन्या तळ्यात दगडांवर, मुळांवर, तळाच्या वाळूवर जिवाणूंचा एक बुळबुळीत थर असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद मारतं. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट पाणवनस्पती खत म्हणून शोषून घेतात. ही साखळी शून्यातून उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी पाणी आणि वनस्पती, महिन्याने पाच-सात मासे, आणखी महिन्याने बाकीचे. ओळखीच्या कुणाचं निरोगी ॲक्वेरियम असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंज तळ्यात पिळून घ्यावा, जिवाणूंचं विरजण मिळतं. नदी-ओढ्यातला गाळ मात्र आणू नये.

अमोनिया किती मारक ठरेल हे पाण्याच्या पीएचवर (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा; ७ म्हणजे मध्यम, त्यावर अल्कधर्मी) ठरतं, आणि इथे कोकण आणि देश वेगळे पडतात. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: एक जवळपास निरुपद्रवी, दुसरं विषारी. तापमान ३० अंश असताना पीएच ७ असेल तर विषारी रूप एक टक्क्याहून कमी असतं. पीएच ८ झाला की ते सुमारे साडेसात टक्क्यांवर जातं आणि ९ ला ४५ टक्क्यांच्या आसपास पोचतं. देशावरच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी सहसा जड आणि अल्कधर्मी असतं, त्यामुळे तिथे थोडा अमोनियाही महागात पडतो. कोकणातलं जांभ्यातलं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. तिथे हा धोका कमी, पण अशा पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षार कमी असल्याने तो दिवसभरात वर-खाली फार होतो. पीएच आणि अमोनिया तपासायचं साधं किट ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतं. तळ्यावर दिवे लावण्यापेक्षा त्यावर पैसे घालावेत. पाण्यातले रंगीत दिवे फोटोत छान दिसतात, बेडकांना अंधार हवा असतो.

पीएच दिवसभरात का हलतो? उन्हात वनस्पती आणि शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि प्राणवायू सोडतात, त्यामुळे दुपारी पीएच चढतो आणि प्राणवायूही भरपूर असतो. रात्री काम उलटं होतं. मासे, वनस्पती, जिवाणू सगळेच प्राणवायू वापरतात, तयार कोणी करत नाही. पहाटे पाच-सहाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्यांना भूक लागलेली नाही, श्वास पुरत नाही. अशा वेळी खाणं टाकलं तर परिस्थिती आणखी बिघडते. उन्हाळ्यात हे जास्त होतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. छोटा पंप लावून पाणी रात्रभर थोडं खळाळतं ठेवलं तरी बराच फरक पडतो. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधायला विसरू नये, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात.

पाणी हिरवं झालं की घाबरून मोरचूद टाकणारे लोक आहेत. टाकू नका. शेवाळ मरेल, त्याबरोबर गोगलगायी आणि बेडूकमासेही मरतील, आणि मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू खाईल. हिरवं पाणी म्हणजे खत जास्त आणि सावली कमी. खाणं निम्म्यावर आणा, पृष्ठभागाचा साधारण निम्मा भाग कुमुदाच्या पानांनी झाकू द्या, पाण्याखाली हायड्रिला असू द्या, काठाला वेखंड आणि लव्हाळा लावा. जलपर्णी चुकूनही नको. फुलं सुंदर असतात, पण महिन्याभरात सगळं पाणी झाकून टाकते, आणि उपटून बाहेर फेकलेली एखादी ओढ्यात पोचली की पुढचं आपल्या हातात राहत नाही.

पाणी भरण्याबद्दल दोन गोष्टी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं आणि आपण मोठ्या कष्टाने वाढवलेले जिवाणूही मारतं. पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. क्लोरामाइन तसं उडत नाही, त्याला दुकानात मिळणारं क्लोरीननाशक औषध लागतं. दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. मे महिन्यात देशावर उघड्या तळ्यातलं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर सहज खाली जातं. उडून जातं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. रोज बोअरचं पाणी भरत राहिलात तर उन्हाळ्याअखेर तळं भरलेलं दिसतं, पण पाणी बरंच खारं झालेलं असतं. म्हणून अधूनमधून चौथा हिस्सा पाणी काढून झाडांना घालावं आणि मग भरावं. झाडांना ते खतासारखं लागू पडतं. छपरावरचं पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पहिल्या एक-दोन सरींचं मात्र सोडून द्यावं.

कोणते मासे

सगळ्यात आधी गप्पी येतात, कारण ते फुकट मिळतात. आरोग्य विभाग डासांसाठी वाटतो, शेजारी डब्यातून आणून देतो. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले. त्यांचा भाऊबंद गॅम्बुसिया १९२८ साली इटलीमार्गे भारतात आणला गेला, डासांच्या अळ्या खाण्यासाठी. आज जगातल्या सर्वांत घातक शंभर परकीय जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तो अळ्या खातो हे खरं, पण त्यासोबत बेडकाची अंडी, बेडूकमासे आणि इतर माशांची पिल्लंही खातो. गॅम्बुसिया परसात नकोच. बंद टाकीत, जिथून पाणी ओढ्याला जाऊन मिळत नाही तिथे, गप्पी चालतील. पावसाळ्यात ओसंडून वाहणाऱ्या तळ्यात तेही नकोत.

देशी माशांत माझी पहिली पसंती पॅन्चॅक्सला. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ओढ्यांत, भातखाचरांत सापडणारा हा चार-आठ सेंटीमीटरचा मासा पृष्ठभागालगत फिरतो. वरून पाहिलं तर डोक्यावर चमकदार ठिपका दिसतो. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे पाण्याला लटकणाऱ्या डासांच्या अळ्या त्याच्या समोरच येतात. उडी जबरदस्त मारतो, म्हणून पाणी काठापासून चार-पाच बोटं खाली ठेवावं. त्याच्याबरोबर मधल्या थरात रासबोरा किंवा जायंट डॅनिओ आणि खालच्या थरात टिक्टो बार्ब छान राहतात. हे तिन्ही कळपाने राहणारे आहेत. एखाद-दुसरा ठेवला तर कोपऱ्यात लपून बसतो, सहा-आठ ठेवावेत. वरच्या मापाच्या तळ्यात एकूण पंचवीस-तीसच्या पुढे जाऊ नये, ते स्वतःच वाढतात. ओढ्यातून पकडून आणण्यापेक्षा ज्याने ते घरी वाढवले आहेत त्याच्याकडून घ्यावेत.

रोहू-कटल्याचं बोटुकलं स्वस्त मिळतं म्हणून सोडू नका, ते किलोकिलोचे होतात. चिलापी सोडलात तर वर्षभरात तळ्यात दुसरं काही उरत नाही. मरळ सगळ्यांना गिळतो. गोल्डफिश आणि कोई दिसायला गोड असले तरी तळ उकरून झाडं उपटतात आणि घाणही खूप करतात. बोटाएवढ्या माशांच्या तळ्यात त्यांचं काम नाही. खाणं दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. जुन्या, झाडांनी भरलेल्या तळ्यात आठवड्यातून दोन दिवस काहीही टाकलं नाही तरी चालतं.

बेडकांचं डबकं

हे बांधायला सोपं आणि करायला अवघड. अवघड एवढ्यासाठी की इथे काहीच आणायचं नसतं.

मोठ्या तळ्यापासून थोडं दूर, घमेल्यासारखा उथळ खड्डा घ्यायचा. मध्यभागी आठ-दहा इंच खोल, चहूबाजूंनी हळूहळू चढत जाणारा. अस्तरावर दोन-तीन बोटं माती, थोडा वाळका पाला, काठाला गवत वाढू द्यायचं, एखादा दगडांचा ढीग. पावसाने भरू द्यायचं. मोठ्या तळ्याचं पाणी ओसंडून इकडे येता कामा नये, त्याबरोबर पिल्लं येतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे दहा इंचांचं डबकं डिसेंबरच्या आसपास आपोआप कोरडं पडतं. तेच हवं आहे. देशावर जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली तर मात्र साठवलेलं पावसाचं पाणी घालून बेडूकमासे वाचवावे लागतात.

कोण येईल हे गावावर आणि नशिबावर. भेक बहुधा पहिला येतो. त्याची अंडी जेलीच्या लांबलचक दोऱ्यात ओवलेली असतात, एका खेपेला हजारो. पाण्यावर तवंगासारखी पसरलेली बारीक अंडी दिसली तर ती मायक्रोहायला या नखाएवढ्या बेडकाची असू शकतात. झाडावरचा बेडूक पाण्यात अंडी घालतच नाही. पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाकीच्या कडेला तो फेसाचं घरटं चिकटवतो आणि बेडूकमासे तिथून खाली पाण्यात टपकतात. तो फेस साबणाचा समजून धुऊन टाकला जातो. बुलफ्रॉग, म्हणजे पावसात पिवळाजर्द होणारा आणि निळे गाल फुगवणारा, आला तर कौतुक करा आणि सावधही राहा. त्याचे बेडूकमासे शिकारी असतात, इतरांचे बेडूकमासे खातात. अंदमानात हा बुलफ्रॉग माणसाच्या हाताने पोचला आणि तिथल्या बेडकांना आता तो जड जातो आहे.

दुसऱ्या गावाहून बाटलीत बेडूकमासे आणून सोडण्याचा मोह होतो, मुलांना तर फारच. दोन कारणांनी तो टाळावा. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीला लागते. जगभर तिने कितीतरी जाती संपवल्या आहेत आणि ती पाण्याबरोबर, ओल्या जाळीबरोबरही प्रवास करते. दुसरं कारण कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बुलफ्रॉगसारख्या बेडकांना संरक्षण आहे, त्यांना पकडणं हा गुन्हा आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्येच थांबवली, तरी गोव्यात आणि लगतच्या भागात पहिल्या पावसात त्यांची शिकार अजून होते.

बेडूक कातडीतून पाणी पितो आणि काही प्रमाणात श्वासही घेतो, त्यामुळे आपण बागेत जे फवारतो ते थेट त्याच्या अंगात जातं. डबक्याच्या आसपास तणनाशक नको, फिनेल नको, साबणाचं पाणी नको. माशांच्या आजारावर लोक तळ्यात मीठ टाकतात. माशांना ते सोसतं, बेडूकमाशांना नाही. दोन तळी वेगळी असण्याचा हाही एक फायदा.

आणि डास? शेजारी पहिला प्रश्न हाच विचारतात आणि तो रास्त आहे. आपल्या पावसाळी हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, आणि शहरात घरात अळ्या सापडल्या तर पालिकेची नोटीस येऊ शकते. बेडूकमासे अळ्या फस्त करतात हा गोड गैरसमज आहे. आपल्याकडचे बहुतेक बेडूकमासे शेवाळ आणि कुजका पाला खरवडून खातात. अळ्या खातात ते पाण्यातले किडे, पाठीवर पोहणारे ढेकूण, पाणभुंगे, आणि ते उडत येऊन स्वतःच वस्ती करतात. ते येईपर्यंतचे पहिले काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं. दर तीन-चार दिवसांनी पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन बघायचं. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर बारीक जाळीने काढायच्या, जास्त असतील तर बीटीआय वापरायचं. हे एका जिवाणूपासून केलेलं औषध आहे. डासांच्या अळ्यांना मारतं, पाकिटावरच्या प्रमाणात वापरलं तर माशांना आणि बेडूकमाशांना सहसा धक्का लावत नाही. रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतणं म्हणजे डबकंच मारणं. फ्लॅटच्या गच्चीवर किंवा दाट वस्तीत हे सगळं जमण्यासारखं नसेल तर फक्त माशांचं तळं करावं आणि बेडकांचा नाद सोडावा. तसं सांगायला मला आवडत नाही, पण डेंग्यूच्या मोसमात अर्धवट लक्ष दिलेलं डबकं शेजाऱ्यांवर लादणं बरोबर नाही.

पाणी केलं की त्यामागोमाग खाणारेही येतात. खंड्या आणि ढोकरी मासे उचलतील. दिवड येईल, कोकणात त्याला विरोळा म्हणतात. तो बिनविषारी आहे. बेडूक आणि मासे खाऊन जातो, डिवचला तर मात्र चावतो. त्याला मारायचं कारण नाही, पण कुटुंबाला ही कल्पना मान्य नसेल तर तळं खोदण्याआधीच बोलून घ्यावं, नंतर नव्हे.

शेवटी जास्तीच्या माशांचं काय करायचं ते. दोन-तीन वर्षांत ते वाढतातच. नदी, विहीर, गावतळं यांत सोडणं ही भूतदया वाटते, पण उजनीच्या जलाशयात सापडणारे सकर मासे अशाच कुणीतरी सोडलेल्या ॲक्वेरियमच्या माशांचे वंशज आहेत. देशी मासे असले तरी ते कुठल्या खोऱ्यातले, त्यांच्या अंगावर कोणता रोग, हे आपल्याला माहीत नसतं. शेजारच्या तळेवाल्याला द्यावेत, दुकानदार घेत असेल तर त्याला द्यावेत. आणि कुणीच घेत नसेल तर खाणं कमी करून पिल्लांना लपायला दिलेली झाडं थोडी विरळ करावीत. मोठे मासे पिल्लं खातात, आणि संख्या तळ्याला पेलेल इतकी राहते.